मदत हवी आहे : जुन्या दुकानाची भाडेवाढ आणि पोटभाडेकरू

नमस्कार. पुण्यात सदाशिव पेठेतल्या आमच्या वडिलोपार्जित वाड्यातले तळमजल्यावरचे दुकान आजोबांनी १९६८ साली भाड्याने दिले. करारपत्र झालेले नाही. भाडेपावत्यांच्या स्थळप्रती तेवढ्या जपलेल्या आहेत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० रोजी अंमलात आला, तेव्हा भाडे महिना ८० रुपये होते आणि आजही तेवढेच आहे, कारण हा विषय काढायला वडिलांना नेहमीच संकोच वाटला. (महापालिकेच्या मिळकतकराला असा संकोच नसतो.)

कलम ११ प्रमाणे घरमालकाला दरवर्षी ४ टक्के वाढ करता येते. ती मूळ भाड्यावर धरायची, की आदल्या वर्षीच्या वाढलेल्या भाड्यावर? २५ वर्षांचा हिशेब पहिल्या रीतीने १६० रुपयांवर थांबतो, दुसऱ्या रीतीने २१३ रुपयांपर्यंत जातो. रक्कम किरकोळ आहे, पण नोटिशीत चुकीचा आकडा गेल्यास तीच आमच्यावर उलटेल अशी भीती वाटते. शिवाय, आजवर न मागितलेली वाढ आता मागता येईल का?

खरी अडचण वेगळीच आहे. गेल्या दिवाळीपासून दुकानात मोबाइल दुरुस्ती करणारा एक तरुण बसतो, कुलपाची किल्लीही त्याच्याकडेच असते आणि भिंतीवरचा शॉप ॲक्टचा दाखला त्याच्या एकट्याच्या नावाचा आहे. भाडेकरू त्याला भागीदार म्हणतात, परंतु भागीदारीपत्र मागितले की ‘वकिलांकडे आहे’ एवढेच सांगतात. करारात मुभा नसताना पोटभाडेकरू ठेवण्यास कलम २६ ची मनाई आहे आणि कलम १६ खाली त्या कारणावरून ताबा मागता येतो. मात्र भागीदारी खरी असून भाडेकरूचा स्वतःचा ताबा सुटलेला नसेल, तर ते पोटभाडे ठरत नाही, हेही मला ठाऊक आहे.

घोळ आमच्याकडूनही झाला आहे. गेल्या दोन महिन्यांचे भाडे त्या तरुणाने परस्पर आईच्या खात्यात यूपीआयने भरले आणि आईने सवयीप्रमाणे भाडेकरूच्या नावाची पावती फाडून त्यावर ‘हस्ते’ म्हणून त्याचे नाव लिहिले. एवढ्यावरून आमची संमती होती असे धरले जाईल का? यापुढे त्याची रक्कम परत करावी, की हक्क राखून ठेवत असल्याचे लेखी कळवून स्वीकारावी?

लघुवाद न्यायालयात असा दावा चालवलेल्या कोणी अनुभव सांगितल्यास फार उपयोग होईल. वकिलांची भेट सोमवारी आहे. दाखल्याचे छायाचित्र आणि स्थळप्रती यांखेरीज आणखी काय जमवून न्यावे, तेही कृपया कळवावे.