बाउंड्रीवर उभे असलेले स्काउट नक्की बघतात काय? (मुलगा १६, फुटी म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल)

टार्नीटचा_बाबा

नमस्कार मंडळी. मूळचा नाशिकचा, मेलबर्नला येऊन १४ वर्षं झाली. क्रिकेट सोडून दुसरा खेळ कधी डोक्यातच नव्हता पण पोरगा सहा वर्षांचा असताना शाळेतल्या मित्रांबरोबर ऑसकिकला (लहान मुलांची फुटी) गेला आणि तेव्हापासून घरात फुटी एके फुटी. नोव्हेंबरमध्ये १७ चा होईल, जन्म २००९ चा, म्हणजे त्याचं ड्राफ्टचं (मोठे क्लब नवीन खेळाडू निवडतात ते) वर्ष २०२७.

प्रश्न असा की ऑगस्टमध्ये लोकल लीगची सेमी होती. बाउंड्रीवर दोन माणसं उभी होती, एकाकडे दुर्बीण, दुसरा फोनवर हळू आवाजात काहीतरी रेकॉर्ड करत होता. कोच म्हणाला टॅलेंट लीगच्या (ड्राफ्टच्या आधीची तरुण मुलांची लीग) आपल्या रिजनच्या टीमची माणसं आहेत. झालं, माझ्या पोटात गोळा. मी मॅचभर मोजत बसलो, पोराचे ११ डिस्पोजल (पायाने किंवा हाताने बॉल दिला ते) आणि एक गोल. त्याच्याच टीममधला त्याचा जिगरी दोस्त, त्याचे २८. मला वाटलं विषय संपला. आणि परवा प्रीसीझन ट्रेनिंगसाठी फोन आला तो माझ्या पोराला, २८ वाल्याला नाही.

आनंद झालाच, खोटं कशाला बोलू. पण मला कळलंच नाही काय झालं ते. आपण आझाद मैदान, हॅरिस शील्ड वगैरे ऐकत मोठे झालो, १९८८ मध्ये सचिन-कांबळीने ६६४ ची पार्टनरशिप केली ती स्कोअरबुकात दिसली आणि सगळ्यांना कळलं. आपल्याकडे आकडा बोलतो. इथे काय बोलतं? आणि आता पुढे घरी काय करून घ्यायचं, वजन वाढवायचं का किक सुधारायची का अजून काही? जे कोणी या सगळ्यातून गेलेत त्यांनी प्लीज सांगा.

विल्यमस्टाउनचा_वारा

आधी अभिनंदन दादा, पोराचं आणि तुमचंही, कारण सहाव्या वर्षापासून दर रविवारी सकाळी थंडीत उभं राहणं सोपं नाही.

मी एका रिजनच्या टीमबरोबर सहा सीझन व्हॉलंटियर म्हणून आकडे घ्यायचं काम केलंय, म्हणजे टॅब्लेट घेऊन बसायचं आणि कोणी मार्क (किकचा झेल) घेतला, कोणी हँडबॉल (मुठीने मारून पास) दिला, टॅकल कोणाचा ते टाकत राहायचं. त्यामुळे पाठीमागे उभ्या असलेल्या रिक्रूटर लोकांचं बोलणं कानावर पडायचंच. पहिल्याच सीझनमध्ये एक गोष्ट कळली की मी जे मोजतोय ते त्यांना संध्याकाळी ईमेलमध्ये मिळणारच आहे, त्यासाठी ते दोन तास गाडी चालवून येत नाहीत. जे शीटवर येत नाही ते बघायला येतात.

एक प्रसंग सांगतो, अजून डोळ्यासमोर आहे. जुलै महिना, वारा असा की किक केलेला बॉल हवेत उभा राहायचा. हाफ बॅकला (बचावात) खेळणारा एक बारकासा पोरगा, त्याने बॉल घेतला, वर बघितलं आणि सरळ समोरच्या टीमच्या माणसाच्या छातीवर किक मारली. एकदम ढोबळ चूक, आईबाप मंडळींनी "ओह" केलं. मी टाकलं टर्नओव्हर. पण बॉल त्या माणसाच्या हातात पडायच्या आधीच हा पोरगा वळला होता. डोक्याला हात नाही, हात पसरून कोणावर ओरडणं नाही, मान खाली नाही. वळला आणि सुटला, साठेक मीटर मागे आपल्या गोलकडे. समोरच्यांनी दोन पास केले आणि लांब किक गोलच्या तोंडाशी आली, तिथे त्यांचा उंच फॉरवर्ड एकटा उभा होता, आणि हा पठ्ठ्या मागून पोचला आणि मुठीने बॉल लाइनच्या बाहेर घालवला. गोलचे सहा पॉइंट जायचे तिथे एकच गेला. शीटवर काय दिसलं? एक टर्नओव्हर, एक स्पॉइल (समोरच्याचा झेल उडवणं), समोरच्यांना एक पॉइंट. पण माझ्या मागचा माणूस इतका वेळ वहीत काही लिहीत नव्हता, त्याने तेव्हा तीन ओळी लिहिल्या.

तुमच्या पोराच्या ११ डिस्पोजलमध्ये असं काहीतरी नक्की होतं. मला मॅच माहीत नाही पण तुम्ही बॉल बघत होतात आणि ते पोराला बघत होते, एवढाच फरक आहे.

त्यांच्या बोलण्यातून मला जे कळलं ते असं की पहिलं म्हणजे जमिनीवरचा बॉल एका दमात उचलतो का, का दोनदा चाचपडतो. दुसरं म्हणजे अंगावर माणूस येत असताना डोकं वर असतं का. तिसरं, दुसरा पाय. उजव्या पायाच्या मुलाला डावीकडे ढकलला की कळतं, तो गोल फिरून परत उजव्यावर यायला बघतो आणि तेवढ्यात पकडला जातो. आणि बॉल मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला असतो तेव्हा हा काय करतो, उभा राहतो का सरकत राहतो. २८ टच घेणाऱ्या मुलांमध्ये बरेचदा काय होतं, तो पॅकच्या (बॉलभोवतीच्या घोळक्याच्या) बाहेर उभा राहून सोपा हँडबॉल घेतो आणि बाजूच्याला देतो. वाईट मुलगा नसतो तो, पण ते २८ वरच्या लेव्हलला मिळत नाहीत हे त्यांना माहीत असतं.

घरी काय करायचं? दुसऱ्या पायाने किक. रोज ५० किक त्या पायाने, जवळच्या ओव्हलवर, तुम्ही समोर उभे राहा. वजनाच्या मागे १६ व्या वर्षी लागू नका, क्लबमध्ये गेल्यावर त्यांची माणसं ते करतात.

खोखोवाली_सांगली

टार्नीटचे बाबा, मी पण एक फुटी आई आहे, आमचा आता १९ चा आहे. मी शाळा-कॉलेजात खो-खो खेळलेली त्यामुळे मला हा खेळ सुरुवातीपासून वेगळाच दिसला. बाकीचे लोक लांब किक बघतात, मी बघते हुलकावणी. पळणारा मुलगा समोरच्याला खांद्याने एका बाजूला नेतो आणि पायाने दुसरीकडे जातो, ते सांगलीच्या मैदानावर आमच्या बाई तासन् तास करून घ्यायच्या तेच आहे. तुमच्या मुलात ते असेल तर त्याला जपा, ते जिममध्ये येत नाही.

दोन गोष्टी कोणी पटकन सांगत नाही म्हणून लिहिते.

एक, जन्माचा महिना. ड्राफ्टच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत १८ पूर्ण लागतात, म्हणजे जानेवारी २००९ चा मुलगा आणि तुमचा नोव्हेंबरचा एकाच रांगेत उभे. या वयात दहा महिने म्हणजे केवढं! समोरच्याला दाढी आलेली असते आणि आपल्याचा आवाज नुकता फुटलेला. रिक्रूटर लोक जन्मतारीख बघून हिशोब करतात, पण लोकल क्लबचे कोच दर वेळी करत नाहीत. तेव्हा कोणी "अजून अंगाने कमी आहे" म्हणालं तर मनाला लावून घेऊ नका.

दोन, नेक्स्ट जनरेशन अकॅडमी. आईवडिलांपैकी एकाचा जन्म आशियात किंवा आफ्रिकेत झालेला असेल तर मुलगा एखाद्या एएफएल (फुटीची सगळ्यात वरची लीग) क्लबच्या अकॅडमीत बसू शकतो, क्लबांना एरिया वाटून दिलेत. आपली बहुतेक सगळी मुलं यात येतात आणि आपल्या लोकांना हे माहीतच नसतं!! ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्लबने त्या मुलावर बोली लावली की अकॅडमीवाला क्लब आपल्या पुढच्या पिकांचे (निवडीच्या नंबरांचे) पॉइंट देऊन ती बोली मॅच करतो, म्हणजे बरोबरी करतो, आणि मुलगा त्याच्याकडे राहतो. २०२० ला जमारा युगल-हेगन असाच वेस्टर्न बुलडॉग्जकडे गेला, तेही पहिल्या नंबरवर. मग बाकी क्लबांनी ओरड केली आणि नियम आवळले, वरच्या पिकांमधल्या मुलाला मॅचच करता येईना. २०२४ पासून परत मोकळं झालं आणि त्याच वर्षी आयझॅक काको १३ व्या नंबरवर एसेन्डनकडे गेला. काकोचे आईवडील इराकचे, मुलगा मेलबर्नचा, टॅलेंट लीगच्या काल्डर कॅनन्समधून आलेला. तो ज्या दिवशी निवडला गेला त्या रात्री मी टीव्हीसमोर बसून रडले, आमचा काही संबंध नसताना. त्याच्या घरच्यांचे चेहरे बघून वाटलं की हे आपल्यासारखेच लोक आहेत.

तुमचा एरिया कुठल्या क्लबकडे आहे ते विचारा आणि नाव नोंदवलंय का बघा. आपण लाजून विचारत नाही, ते चुकतं.

दोन_किलोमीटर

वारा दादांचं सगळं पटतं पण एका बाबतीत माझं मत वेगळं आहे. आकडे काहीच नाहीत असं समजू नका, डिस्पोजलचे नसतील, टेस्टचे आहेत. २० मीटर स्प्रिंट, उभ्याने उडी, पळत येऊन उडी, अजिलिटी आणि २ किलोमीटर टाइम ट्रायल. २० मीटर तीन सेकंदाच्या आत आला तर लोक मान वर करून बघतात. प्रीसीझनला पहिल्या आठवड्यातच टेस्ट घेतात आणि तिथे जो मुलगा सुट्टीत काहीच न करता येतो तो २ किलोमीटरला १२०० मीटरवर मरतो, सगळ्यांसमोर. आमच्याच घरात झालंय. कोणत्या रिजनला ते लिहीत नाही, पण आमचा मोठा दिवाळीत फराळ हाणून गेला आणि शेवटून दुसरा आला आणि जानेवारीत यादीतून नाव गेलं. एक ओळीचा ईमेल आला. तो महिनाभर बॉलला शिवला नाही. चूक आमची होती, आम्हीच त्याला म्हणालो होतो की आरामात जा.

तेव्हा आजपासून आठवड्यातून दोनदा पळायला लावा. गवतावर, रस्त्यावर नाही, नडग्या दुखतात.

आणि बारावीचं आत्ताच ठरवा. २०२७ म्हणजे त्याचं व्हीसीई. कंबाइन (ड्राफ्टआधीच्या टेस्ट) ऑक्टोबरच्या सुरुवातीला, परीक्षा ऑक्टोबरच्या शेवटाला चालू आणि ड्राफ्ट नोव्हेंबरमध्ये. सगळं एकावर एक. एक-दोन विषय अकरावीतच उरकता येतात, शाळेत करिअर टीचरशी बोला. एका वर्षी अख्ख्या देशातून साठ-सत्तर नावं नॅशनल ड्राफ्टमध्ये निघतात, १८ क्लब मिळून. पोराला हे आकडे माहीत असूदेत, त्याने काही हिंमत खचत नाही.

टार्नीटचा_बाबा

सगळ्यांचे मनापासून आभार, मी ऑफिसमध्ये बसून वाचतोय आणि डोळे भरून आलेत.

काल रात्री पोराला विचारलं की सेमीमध्ये असं काय केलंस रे. तो म्हणाला काही नाही बाबा. मग खूप खोदून विचारल्यावर म्हणाला की तिसऱ्या क्वार्टरमध्ये त्याच्या माणसाने त्याला चुकवून गोल मारला, त्यानंतर त्याने ठरवलं की आता याला बॉलला हात लावू द्यायचा नाही, आणि शेवटपर्यंत त्या मुलाला एकही टच मिळाला नाही. मी तिथे उभा होतो आणि मला ते दिसलंच नाही, मी आपला मोजत होतो.

अकॅडमीचं उद्याच विचारतो, खोखोवाली ताई. पळायला आज संध्याकाळपासून सुरुवात, मीपण सायकल घेऊन जातो बरोबर.

पण एक गोष्ट मनात राहिलीये. तो २८ वाला मुलगा. त्याचे बाबा कोल्हापूरचे, इथला माझा सगळ्यात जवळचा मित्र. दोन्ही पोरं आठ वर्षं एकाच गाडीतून जातात, एक आठवडा माझी गाडी एक आठवडा त्याची. फोन आल्यापासून आम्ही बोललोच नाही, मला काय बोलावं सुचत नाहीये आणि त्यालाही कळलेलं आहे. त्याला काय सांगू?

विल्यमस्टाउनचा_वारा

आधी फोन करा. आजच. जितके दिवस जातील तितकं अवघड होईल.

आणि नुसता धीर देऊ नका, कामाचं सांगा. रिजनची यादी आत्ता बंद होत नाही, प्रीसीझनमध्ये नावं गळतात आणि नवीन येतात, सीझन चालू झाल्यावर प्रायव्हेट शाळांची मुलं शाळेच्या मॅचना जातात तेव्हा जागा रिकाम्या होतात आणि लोकल क्लबमधून मुलं बोलावतात. त्याच्या कोचने रिजनच्या माणसाला स्वतः फोन करायला हवा आणि दोन मॅचचा व्हिडिओ पाठवायला हवा. हायलाइट नको, पूर्ण मॅच, त्यांना हायलाइट चालत नाही.

मुलाला सांगा पुढच्या सीझनला पॅकच्या बाहेर थांबू नकोस, आत जा. २८ चे १८ झाले तरी चालतील. ज्याला बॉल कुठे येणार हे कळतं त्याला २८ मिळतात, ते डोकं त्याच्याकडे आहेच, ते शिकवता येत नाही. आत जाऊन मार खायला शिकवता येतं.

आणि १८ व्या वर्षी नाही झालं तर दार बंद होत नाही. डेन स्वान २००१ मध्ये ५८ व्या नंबरवर गेला, २०११ मध्ये ब्राउनलो मेडल (सीझनच्या सर्वोत्तम खेळाडूचं). जेम्स हर्ड ७९ वा. टॉम स्टुअर्ट तर जिलाँगने ४० व्या पिकवर घेतला तेव्हा २३ वर्षांचा होता, लोकल फुटी आणि व्हीएफएल (एएफएलच्या खालची लीग) खेळून आलेला. मार्लियन पिकेट २०१९ च्या मिडसीझन ड्राफ्टमधून रिचमंडला आला आणि पहिली मॅच खेळला ती थेट ग्रँड फायनल. २८ वाल्याच्या बाबांना स्टुअर्टचं नक्की सांगा.

खोखोवाली_सांगली

आणि गाडी एकच ठेवा हो. पळायला दोघांनाही न्या, संध्याकाळी. आमच्या मुलाचं रिजनमध्ये नाव आलं आणि मित्राचं नाही आलं तेव्हा आम्ही वेळा बदलल्या, वेगळं वेगळं जायला लागलो, आणि दोन घरांचं येणं-जाणं थांबलं ते थांबलंच. अजून वाईट वाटतं.

टार्नीटचा_बाबा

फोन केला. पाच मिनिटं दोघंही हवापाण्याचं बोललो, मग तोच म्हणाला की अरे व्हिडिओ आहेत माझ्याकडे सगळ्या मॅचचे, बायकोने काढलेले, ट्रायपॉड लावून, पहिल्या बाउन्सपासून शेवटच्या सायरनपर्यंत. मी कोचचा नंबर पाठवला, तो आज रात्री पाठवतोय.

सहा वाजता दोन्ही पोरांना घेऊन निघतोय. वारा दादा, २ किलोमीटरसाठी ओव्हलच्या आतल्या लाइनवरून पळवायचं का बाहेरच्या कुंपणाजवळून? अंतर कसं मोजता तुम्ही?