खारीत पेंढा भरतोय, तोंडाजवळचे केस सुटताहेत – मदत हवी आहे

निखिलप
गाडीखाली आलेली खार मिळाली. व्हिडिओ बघून कातडी काढली, बोरॅक्स चोळलं, लाकडाच्या किसाचं शरीर करून शिवली. दोन दिवस छान होती. आता ओठांपाशी, कानाच्या बुडाशी आणि मागच्या बोटांवर केस बोट लावताच सुटताहेत. पोटावरचे पक्के आहेत. वाचेल का? आणि नवशिक्याने नीट सुरुवात कशी करायची तेही सांगा. रविवारच्या आत हवंय, नंतर आठवडाभर वेळ नाही.

कायदेकर
आधी थांबा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात कलम ३९ प्रमाणे मेलेला वन्यप्राणीसुद्धा सरकारी मालमत्ता आहे. हाती आला तर ४८ तासांत पोलीस ठाण्यात किंवा वनाधिकाऱ्याकडे कळवावं लागतं. पेंढा भरण्याचा व्यवसाय करायला कलम ४४ खाली परवाना लागतो. 'रस्त्यावर सापडली' हा बचाव होत नाही.

निखिलप
अहो, मी इंग्लंडमध्ये आहे, लेस्टरजवळ. करडी खार आहे. केसांचं सांगा ना कोणीतरी.

कायदेकर
हे पहिल्याच ओळीत यायला हवं होतं. करडी खार तिथे अमेरिकेतून आणलेली, मेलेली बाळगायला परवाना लागत नाही. तांबडी खार, वटवाघूळ, पाणमांजर यांना मात्र हात लावू नका, तिथे कायदा कडक आहे. कुठे, कधी, कशी सापडली याची चिठ्ठी नमुन्यासोबत ठेवा. महाराष्ट्रातून वाचणाऱ्यांना माझा पहिला प्रतिसाद जसाच्या तसा लागू. हात बसवायचा असेल तर खाटकाकडची कातडीसकट कोंबडी घ्या.

दर्शना_ताई
निखिल, अंदाजाने उत्तर देता येणार नाही. सापडली तेव्हा ताठ होती की लिबलिबीत? पोट हिरवं दिसत होतं का? फ्रीझरमध्ये किती दिवस होती, वितळवली कशी? ओठ आतून फाडले का? कान उलटवले का? आणि बोरॅक्सच्या डब्यावर नेमकं काय छापलंय?

भुसावळकर
एवढे प्रश्न कशाला? फॉर्मॅलिन टोचा. १० टक्के द्रावण, बारीक सुईने ओठांत आणि बोटांत. सडणं जागीच थांबतं. संग्रहालयांत वर्षानुवर्षं वापरतात.

दर्शना_ताई
संग्रहालयात वापरतात ते बरणीत बुडवून ठेवायच्या नमुन्यांना. कातडीत टोचलं की ती लाकडासारखी होते. मग ओठ आत दुमडता येत नाही, पापणीला आकार देता येत नाही. शिवाय कर्करोगाला कारण ठरणारं रसायन आहे, घरच्या ओट्यावर कशाला? बारीक पंजे सोलता येत नाहीत तिथे काही जण टोचतात, तेही उघड्या हवेत आणि मुखवटा लावून.

निखिलप
ताठ होती, सकाळीच मिळाली, लगेच फ्रीझर. पोट ठीक. चार दिवसांनी फ्रीजच्या खालच्या कप्प्यात रात्रभर वितळवली. ओठ फाडणे म्हणजे काय? कान तसेच ठेवले. डब्यावर 'बोरॅक्स सब्स्टिट्यूट' लिहिलंय. तेच ना?

अस्थिप्रेमी
कवटी टाकू नका! मांस काढून कोमट पाण्यात बुडवून झाकून ठेवा, जंतू बाकीचं खातात. पाणी अधूनमधून बदला, पण ओतताना गाळणी धरा, खारीचे सुटे दात वाहून जातात. उकळू नका, चरबी हाडात मुरते आणि पुढे पिवळी पडते. मग भांड्यांच्या साबणाच्या पाण्यात भिजवून चरबी काढा आणि शेवटी ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड. ब्लीच अजिबात नको, हाडाचा भुगा होतो.

दर्शना_ताई
निखिल, तेच नाही. तिथल्या दुकानात त्या नावाने मिळतं ते सोडियम सेस्क्विकार्बोनेट, म्हणजे धुण्याच्या सोड्याचा भाऊबंद. डाग काढायला उत्तम, कातडी टिकवायला निरुपयोगी. खरा बोरॅक्स, आपला टाकणखार, तिकडे सामान्य गिऱ्हाइकाला विकण्यावर निर्बंध आहेत म्हणून हा पर्याय फळीवर येतो.

तुझ्या वर्णनावरूनही हेच दिसतं. खार आधीच सडलेली असती तर पहिल्यांदा पोटाचे केस गेले असते, कारण आतड्यातले जंतू तिथून सुरू करतात. तुझं पोट पक्कं आहे आणि केस गेले ते नेमके जाड, ओल्या जागी. तिथे मांस राहिलं, कातडीला टिकवणारं काहीच लागलं नाही आणि दोन दिवसांत जंतूंनी केसांची मुळं सोडवली. सुटलेल्या केसांबरोबर कागदासारखा पापुद्राही निघत असेल, बघ. पापुद्रा न येता केस आतल्या बाजूने निघत असतील तर कातडी खरवडताना मुळं कापली गेली, ते दुखणं वेगळं.

सुटलेले केस पुन्हा धरत नाहीत. आजच डिनेचर्ड अल्कोहोल (न पिण्याजोगं केलेलं स्पिरिट) कापसाने त्या जागी टिपून घे, पंखा लाव, सुटलेले झुबके जपून ठेव. वाळल्यावर पांढऱ्या गोंदाने जागच्या जागी चिकटव. सरावाचा नमुना म्हणून उभी राहील.

निखिलप
पापुद्रा येतोय. मग पुढच्या खारीला काय करू?

दर्शना_ताई
जाड डबल पिशवी, उणे १८ ला किमान ३ दिवस. पिसवा आणि गोचिड्या मरतात, जंतू मरत नाहीत, म्हणून हातमोजे कायम. सोलण्याआधी मापं घे: नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंत, मानेचा आणि पोटाचा घेर, नाक ते डोळ्याचा पुढचा कोपरा. सोललेलं धड कागदावर ठेवून पेन्सिलीने कडा गिरव, आतलं शरीर त्यावरूनच बांधायचं आहे.

छातीच्या हाडापासून खाली चीर दे, पण पोटाचा पडदा फोडू नकोस. ओल आली की मक्याचं जाडसर पीठ टाकत जा. शेपटीचं हाड दोन काड्यांच्या चिमट्यात धरून सावकाश ओढ. झटका दिलास तर खारीची शेपटी मधेच तुटते. येत नसेल तर खालच्या बाजूने चीर.

आता तोंड. ओठाला दोन थर असतात, बाहेरचा केसाळ आणि आतला ओला. १५ नंबरचं शस्त्रक्रियेचं पातं दोन्हींच्या मधे आडवं सरकवून ओठ पुस्तकासारखा उघड. आतल्या अस्तराची २-३ मिलिमीटरची कड ठेव, पुढे आत खोचायला लागते. मिशांची मुळं आतून काळ्या ठिपक्यांसारखी दिसतात. ते ठिपके दिसले की खरवडणं थांबव. कानाची मागची कातडी कूर्चेपासून बोथट काडीने कडेपर्यंत सोडव. बोटं शेवटच्या सांध्यापर्यंत सोल.

तुरटीवाला
आणि मग तुरटी-मीठ. टाकणखार म्हणजे कातडी कमावणं नव्हे, नुसतं वाळवणं. नाक-ओठ आकसतात.

दर्शना_ताई
तुरटीची कातडी पुन्हा ओली झाली की तुरटी धुऊन निघते. खारीएवढ्या लहान जिवाला खरा टाकणखार नवशिक्यासाठी पुरतो, पण आकसतं हे तुमचं म्हणणं बरोबर. आणि निखिलला तो मिळणंच अवघड. म्हणून त्याने आम्लाचं लोणचं, म्हणजे कातडी बुडवून ठेवायचं आंबट-खारं पाणी, करावं: ४ लिटर पाणी, अर्धा किलो आयोडिनविरहित बारीक मीठ, ८५ ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड. प्लॅस्टिकची बादली, धातूची नको. पीएच २ च्या आसपास, अडीचच्या वर जाऊ द्यायचा नाही. दोन-तीन दिवस. मधे काढून फुगलेलं मांस खरवड, तेव्हा ते सहज निघतं. मग ४ लिटर पाण्यात ३० ग्रॅम खाण्याचा सोडा, १५-२० मिनिटं. धुऊन, निथळून, तयार मिळणारं कमावण्याचं द्रव आतून ब्रशने लाव.

तुरटीवाला
हे मान्य. सोड्यात अर्ध्या तासावर ठेवू नकोस मात्र, तिथेही केस सुटतात.

सह्यवेडा
थोडं अवांतर. आजोळी वाघाचं जुनं कातडं आहे, मालकीचं प्रमाणपत्र आहे. उन्हात घालून झटकलं तर चालेल का?

कायदेकर
झटकू नका. जुन्या कातड्यांना आर्सेनिकचा साबण लावत, ती धूळ विषारी असू शकते. ठेवायचं नसेल तर २०२२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ४२अ खाली मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जमा करता येतं. मोबदला मिळत नाही. विकता तर येतच नाही.

भुसावळकर
पहिल्या कामाला ससा घ्या, मोठा असतो, हात बसतो.

तुरटीवाला
सशाची कातडी ओल्या कागदासारखी फाटते. खारीची चिवट असते, सोलायला जड पण चुका सोसते. निखिल, सापांच्या खाद्यासाठी गोठवलेले उंदीर तिकडे पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळतात. ताजे आणि स्वस्त. ओठ आणि कान आधी त्यावर कर.

निखिलप
उंदीर बघतो. खारीला तार आणि डोळे कोणत्या मापाचे?

दर्शना_ताई
पायांना १.६ मिमीची जस्त चढवलेली तार, शेपटीत त्याहून बारीक, कापूस गुंडाळून. डोळे ८ ते ९ मिमी, पण आधी खारीचं बुबुळ मोजून मग मागव. वाळताना कानांना दोन्हीकडून पुठ्ठा लाव आणि पहिला आठवडा रोज पापण्या बघ, आकसून डोळ्यावरून मागे सरकतात.