‘दुःख अंगावर काढणे’ असं म्हणतात का?

रानजाई: बाबा मे महिन्यात गेले. आईला मधुमेह जुना, रात्रीचं इन्सुलिन चालू आहे. दिवसकार्य उरकलं, पाहुणे पांगले आणि ती लगेच कामाला लागली. दूध, भांडी, देवपूजा, सगळं वेळच्या वेळी. फक्त जेवणाचं विचारलं की ‘खाते गं मागाहून’. परवा फोनवर मावशीला मी म्हणून गेले, “आई दुःख अंगावर काढतेय.” मावशीला नेमकं कळलं. नवऱ्याचं म्हणणं, अंगावर काढतात ते दुखणं, दुःख नव्हे. तुमच्याकडे काय म्हणतात?

खडूस मास्तर: रूढी नवऱ्याच्या बाजूने आहे. ताप अंगावर काढतात, खोकला काढतात. यात आजार आहे हे ठाऊक असतं, तरी माणूस औषधपाणी न करता, अंथरूण न धरता कामं ओढत राहतो. नुसतं ‘दुखणं काढणं’ वेगळं. ‘सासूचं दुखणं सुनेने काढलं’ म्हणजे शुश्रूषा केली. एक ‘अंगावर’ लागला की शुश्रूषा करणारं माणूसच वाक्यातून गायब!

दुःखासाठी क्रियापदं कमी नाहीत. सोसणे, गिळणे, पचवणे, आणि शेजाऱ्यांना कंटाळा आला की उगाळणे. मात्र उपचाराविना चालू राहण्याचा भाव यातल्या एकातही नाही, म्हणून तुमचा प्रयोग मला अगदीच चुकीचा वाटत नाही. मूळही एकच आहे. ‘दुःख’ तत्सम म्हणून विसर्ग टिकला. दुखणे, दुखरा, दुखणाईत, दुखवटा यांत तो गळाला.

माणदेशी: दुखवट्यावरून आठवलं. पेपरात तो फक्त राष्ट्रीय असतो, झेंडा अर्ध्यावर वगैरे. आमच्याकडे दुखवटा म्हणजे सोयऱ्यांनी दुःखाच्या घरी नेलेला आहेर, साडी नाहीतर टॉवेल-टोपी. आणि पहिल्या दिवशी त्या घरात चूल पेटत नाही, भावकी नाहीतर शेजारी पिठलं-भाकरी आणतात, तो ‘कडू घास’. समोर बसून खायला लावतात. शेवटी गोडाचं जेवण घालून तोंड गोड करतात, ते मात्र मधुमेह्याला अवघड. जिलबीला नाही म्हटलं की आत्या रुसते.

सांधेवाली: मला संधिवात आहे, आमवाताच्या जातीचा. सकाळी तासभर बोटं मिटत नाहीत. आठवड्याची गोळी कुठल्या वारी घ्यायची ते हे लक्षात ठेवायचे. हे गेले आणि वार माझ्यावर आला. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, “सावर आता.” अहो, सावरायचं कशाने? पदर सावरायलासुद्धा बोटं लागतात. त्यापेक्षा शेजारीण बरी, ती नुसतं “आवरलं का?” विचारायची आणि नसलं आवरलं तर कुकर लावून जायची.

खडूस मास्तर: दोन्ही क्रियापदं ‘वृ’ धातूची, एक ‘आ’ लागून, एक ‘सं’ लागून. सावरणेचं जुनं रूप ‘सांवरणें’. १९६२च्या लेखननियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढले, त्यात तोही गेला. अश्रू आवरतात, तोल सावरतात. रोजची कामं आवरता येतात. सावरणं सांगून होत नाही. शेजारीणबाईंना व्याकरण उपजत कळतं.

गोळीवाला: औषधाच्या दुकानात बसतो, म्हणून थोडं विषयाबाहेरचं. रानजाई, शब्द नंतर, आधी आईचं जेवण बघा. इन्सुलिन घेतलं आणि जेवण टाळलं तर साखर उतरते. घाम येतो, हात थरथरतात, बोलण्यात गोंधळ होतो, झोपेत कुणाला कळतही नाही. उलट ताणात अंगातली संप्रेरकं साखर चढवतात. म्हणजे दोन्हीकडून ओढाताण. तिमाही तपासणीवर विसंबू नका, त्यातली एचबीए१सी ही रक्तातल्या साखरेची साधारण तीन महिन्यांची सरासरी असते, चढउतार त्यात झाकले जातात. डोस मनाने बंद करू नका, जेवण होत नाही हे डॉक्टरांना सांगा.

खडूस मास्तर: मूळ प्रश्नाकडे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात लांबलेल्या शोकाची स्वतंत्र नोंद आहे; निदानाला निदान ६ महिने तरी जावे लागतात. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांचं पुस्तक मोठ्या माणसांसाठी १२ महिने मागतं, म्हणजे आपल्या वर्षश्राद्धापर्यंत थांबतं. त्यांच्या लेखी काही दुःखांचं दुखणं होतं आणि अशांना ‘अंगावर काढणे’ शोभेल. पण मे महिन्यातल्या दुःखाला लावायला मी कचरेन. त्यावर इलाज करून घ्यायला हवा होता असा ठपका त्यात येतो. नवरा गेला आहे, बाई दुःखात आहे, यात अंगावर काढण्यासारखं काय?

रानजाई: पटलं, पण अर्धंच. आईच्या दुःखावर मला औषध नकोच आहे. ती जेवत नाही, हाच माझा घोर आहे. मग वाक्य असं होईल: आई दुःखापायी दुखणं अंगावर काढतेय. नवऱ्यालाही चालतं म्हणे. डॉक्टरांशी बोलले, त्यांनी डोस बदललाय आणि रात्री झोपण्याआधी साखर बघायला सांगितलंय. मावशी रविवारी राहायला येतेय, जेवायला आईच्या समोर बसेन म्हणाली.

माणदेशी: झालं की मग, कडू घास.

सांधेवाली: वऱ्हाडात आणि तळकोकणात याला काय म्हणतात, कुणी सांगेल का?