चिठ्ठीवर पुस्तक

'पुस्तक वाचून नैराश्य जात असतं तर डॉक्टर कशाला हवेत', असा टोला एकांनी मारला; तो अर्धाच पटला. वेल्समध्ये डॉक्टरच पुस्तक लिहून देतात! कार्डिफचे मानसशास्त्रज्ञ नील फ्रूड यांनी २००३ मध्ये ही योजना सुरू केली. औषधासारखी चिठ्ठी घ्यायची, वाचनालयात दाखवायची, पुस्तक घरी न्यायचं. इंग्लंडमध्येही २०१३ पासून तसं काही सुरू झालं. अर्थात हे सौम्य-मध्यम त्रासासाठी. आजार तीव्र असेल तर पुस्तकावर भागत नाही, इतकं त्यांचं खरंच.

पण नुसतं पुस्तक हातात देऊनही होत नाही. बाबा गेल्यावर मला असंच एक मिळालं होतं. तीन महिने उशाशी पडून, खूण चौदाव्या पानावर. समुपदेशक बाईंना हे ओशाळून सांगितलं. वाटलं, आता 'वाचा हो' म्हणतील. त्यांनी एवढंच विचारलं, "चौदाव्या पानावर काय आहे?" आणि गप्प बसल्या. वही मिटलेली, पंख्याची घरघर तेवढी. गेलेल्या माणसाला पत्र लिहा, असा स्वाध्याय होता त्या पानावर. हे सांगता सांगता मी पाऊण तास बोललो, बहुतेक बाबांच्या स्कूटरबद्दल. पंधरावं पान त्या रात्री उलटलं.