जुन्या आयपॉडला ब्लूटूथ जोडता येईल का?

आगरकाठ, गुहागर

नमस्कार. माझ्याकडे २००५ साली बाजारात आलेल्या पाचव्या पिढीतला, ३० जीबीचा आयपॉड आहे. त्यात विकतची गाणी थोडीच आहेत. वडिलांनी गावात कॅसेटवर ध्वनिमुद्रित केलेल्या जाखडीच्या बाऱ्या, नमनातली गाणी आणि आमच्या वाडीची भजने यांनीच तो भरलेला आहे. त्या कॅसेट मी संगणकावर उतरवून घेतल्या होत्या; पुढे एका पावसाळ्यात कॅसेटना बुरशी लागली, संगणकही बिघडला, आणि आज ती मुद्रणे या एकाच यंत्रात उरली आहेत.

आगरात, म्हणजे माडांच्या बागेत, शिंपणे करताना, आळी साफ करताना किंवा पडलेले झाप गोळा करताना मी ती ऐकतो. इअरफोनची वायर झापात अडकते आणि गेल्या महिन्यात अशाच एका हिसक्याने आयपॉड खिशातून निघून पाटाच्या काठावर आपटला. तो सुदैवाने चालू आहे. फोन वापरण्याचा सल्ला घरच्यांनी दिला, परंतु मातीने भरलेल्या हातांनी खिशातल्या खिशात बटण दाबून गाणे थांबवण्याची सोय फोनमध्ये नाही, आणि आगर डोंगराच्या कुशीत असल्यामुळे तेथे रेंजही मिळत नाही. माझ्याकडे ब्लूटूथचा नेकबँड आहे. तो या आयपॉडला जोडता येईल का? त्यासाठी आयपॉड उघडावा लागेल का, आणि आवाजाचा दर्जा उतरेल का?

खाडीकाठ, रत्नागिरी

जोडता येईल, आणि माझ्या मते आयपॉड मुळीच उघडू नये. आपल्याला ब्लूटूथ ट्रान्समीटर, म्हणजे आयपॉडचा आवाज घेऊन ब्लूटूथने बाहेर पाठवणारे यंत्र, हवा आहे. हा शब्द मुद्दाम स्पष्ट करतो, कारण दुकानात ‘ब्लूटूथ ऑडिओ अडॅप्टर’ म्हणून जे स्वस्तात मिळते ते बहुधा रिसीव्हर असते. ते फोनकडून आवाज घेऊन जुन्या स्पीकरला देते, म्हणजे आपल्या गरजेच्या नेमके उलट काम करते. मीही पहिल्या वेळी तेच घेऊन आलो होतो. काही यंत्रांत दोन्ही सोयी असतात आणि बाजूच्या बटणावर ‘टीएक्स’ (पाठवणे) व ‘आरएक्स’ (घेणे) असे लिहिलेले असते. आपण ते ‘टीएक्स’वर ठेवावे.

ट्रान्समीटर दोन प्रकारचे मिळतात. पहिला इअरफोनच्या ३.५ मिलिमीटरच्या भोकात बसतो, त्याची बॅटरी स्वतंत्र असते आणि तो कोणत्याही प्लेअरला चालतो. दुसरा आयपॉडच्या तळाच्या ३० पिनांच्या जोडणीत बसतो. त्या जोडणीतून लाइन-आउटचा आवाज मिळतो, जो आयपॉडच्या आवाज कमी-जास्त करण्यावर अवलंबून नसतो, आणि ट्रान्समीटरला वीजही तेथूनच मिळते. मात्र हा प्रकार आता बहुधा जुन्या बाजारातच सापडेल. पहिला प्रकार घेतल्यास आयपॉडचा आवाज पाऊण पट्टीपर्यंत ठेवा आणि पुढचे नेकबँडवरून जमवा. पूर्ण आवाज ठेवल्यास ट्रान्समीटरला तो झेपत नाही आणि ढोलकीची थाप फाटल्यासारखी ऐकू येते.

दर्जाबद्दल चिंता करू नये. एसबीसी ही आवाज दाबून पाठवण्याची पद्धत ब्लूटूथवर संगीत ऐकवणाऱ्या प्रत्येक यंत्राला यावीच लागते. ॲप्टएक्ससारख्या पद्धती दोन्ही टोकांना असल्या तरच उपयोगी पडतात, नाहीतर दोन्ही यंत्रे एसबीसीवरच येतात. कॅसेटवरून उतरवलेल्या भजनात तो फरक कानाला जाणवण्याची शक्यता फार कमी आहे.

जोडणी करताना फोनचे ब्लूटूथ बंद ठेवा. ट्रान्समीटरला पडदा नसतो. जवळ जे यंत्र जोडणीसाठी तयार असेल त्याला तो धरतो, आणि आपला नेकबँड मात्र सवयीने आधी फोनकडे धावतो.

तांबडी माती, कुडाळ

मी अशी यंत्रे दुरुस्त करतो, त्यामुळे आतल्या कामाबद्दल लिहितो. पाचव्या पिढीच्या आयपॉडमध्ये ब्लूटूथचे मॉड्यूल बसवता येते. पाठ स्टीलची असल्यामुळे त्या बाजूने लहरी बाहेर पडत नाहीत, परंतु पुढचा भाग प्लास्टिकचा आहे आणि अँटेना त्याच्या मागे ठेवल्यास काम होते. जागेसाठी आतली १.८ इंची हार्ड डिस्क काढून मेमरी कार्ड बसवावे लागते. खरी अडचण आवाजाच्या शुद्धतेची आहे: मॉड्यूल आणि आवाजाची वाट यांचे ग्राउंड, म्हणजे विजेची परतीची वाट, एकच राहिले, तर गाण्याच्या मागे किरकिर ऐकू येते, आणि ती घालवण्यासाठी मॉड्यूलचा वीजपुरवठा अलग करणारा छोटा कन्व्हर्टर मध्ये घालावा लागतो. हे सर्व मी केले आहे, त्यात मला आनंदही मिळाला, तरीही आपल्या यंत्राला मी आज हात लावणार नाही.

कारण ती मुद्रणे एकाच ठिकाणी आहेत. आपल्या आयपॉडच्या आत फिरती हार्ड डिस्क आहे, ती एकदा आपटलेली आहे, आणि त्यात आपल्याकडची खारी, दमट हवा. ब्लूटूथचा विचार करण्याआधी गाणी बाहेर काढा. आयपॉड संगणकाला जोडल्यावर तो डिस्क म्हणून दिसायला हवा; तेथे लपवलेले फोल्डर दाखवण्याची सोय चालू करा, म्हणजे ‘आयपॉड कंट्रोल’ या नावाचे फोल्डर दिसेल आणि त्यातल्या ‘म्युझिक’मध्ये सर्व गाणी असतील. फाइलींची नावे चार अक्षरांची, अर्थहीन वाटतील. घाबरू नका, गाण्याचे नाव आपण भरले असेल तर ते बहुधा फाइलीच्या आत टिकलेले असते. सर्व फाइली दोन वेगळ्या ठिकाणी उतरवा. आयपॉड पूर्वी मॅकवर तयार केलेला असेल तर विंडोज तो वाचणार नाही आणि तो फॉरमॅट करावा असे सुचवेल. तेथे कदापि ‘हो’ म्हणू नका.

इअरफोनच्या भोकात हिरवट थर दिसतो का तेही पाहा. असल्यास आयपॉड बंद करून, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या बारीक कापसाने पुसा.

आगरकाठ, गुहागर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. भाच्याच्या संगणकावर आज सर्व मुद्रणे उतरली, आणि एक प्रत पेन ड्राइव्हवर घेतली आहे. ट्रान्समीटरही रत्नागिरीहून आणला. घरात आवाज उत्तम येतो, परंतु आगरात गेल्यावर मध्ये मध्ये तुटतो. घरात भिंती असून तुटत नाही आणि उघड्यावर तुटतो, हे मला समजले नाही. तसेच नेकबँडचे बटण दाबून पुढचे गाणे लागत नाही.

खाडीकाठ, रत्नागिरी

बटणाची आज्ञा ट्रान्समीटरपर्यंतच पोहोचते. इअरफोनच्या भोकातून ती आयपॉडमध्ये शिरण्याची वाट नाही. गाणे आयपॉडवरच बदलावे लागेल.

तुटण्याचे कारण आपले शरीरच आहे. ब्लूटूथच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यात शोषल्या जातात आणि माणसाच्या देहात पाणीच अधिक असते. घरात भिंतींवरून परतून आलेल्या लहरी नेकबँडला मिळतात, आगरात तसा आधार फारसा नसतो, म्हणून देह आड आला की आवाज तुटतो. नेकबँडच्या ज्या बाजूला बटणे आहेत, त्यातच बहुधा अँटेनाही असते. ट्रान्समीटर त्याच बाजूच्या, शक्यतो सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवून पाहा. वायर आखूड घ्या, म्हणजे तीही झापात अडकणार नाही.

आगरकाठ, गुहागर

बटणे उजव्या बाजूला होती आणि मी आयपॉड पँटच्या डाव्या खिशात ठेवत होतो. आज सदऱ्याला उजवीकडे खिसा शिवून घेतला. सकाळी शिंपणे संपेपर्यंत वडिलांच्या आवाजातली गवळण एकदाही तुटली नाही.