ते रंग कुंचल्याचेच

वर कुणीतरी म्हटलंय की फ्रेंच दिग्दर्शक मेलिएसच्या चंद्रसफरीवरच्या १९०२ च्या सिनेमातले रंग कॉम्प्युटरने भरलेत. नाही हो, हाताने! पॅरिसला एलिझाबेथ थुइलिए बाईंच्या कारखान्यात २०० च्या वर बायका हेच करायच्या. एका बाईकडे एकच रंग; तिचं झालं की फिल्म दुसऱ्या बाईकडे. फिल्मवरची एकेक चौकट (फ्रेम) पोस्टाच्या तिकिटाएवढी, त्यात कोट केवढा असणार? पुढच्या चौकटीत रंग केसभर सरकतो, म्हणून पडद्यावर कपडे थरथरतात. मला तर तीच गंमत वाटते. १९९३ मध्ये बार्सिलोनात सापडलेल्या रंगीत प्रतीत झेंडा चक्क स्पेनचा रंगवलाय! कॉम्प्युटर आला तो २०११ च्या डागडुजीत. प्रत पार खराब झाली होती तिथे मात्र तुमचं थोडंफार खरं.