अनुभव धागा : विज्ञानकथा, बदललेली आवड आणि सीमाभागातलं वाट बघणं

शहापूर, बेळगाव (सुरुवात मीच करते)

२० मे २०२५ ला जयंत नारळीकर गेले. त्या संध्याकाळी माळ्यावरची ट्रंक खाली काढली. तळाशी शाळेत असताना वाचलेल्या विज्ञानकथा आणि त्यांच्यावर वर्तमानपत्रांच्या कात्रणांचा हातभर गठ्ठा. सुप्रीम कोर्ट, तारीख, पुढची तारीख. एक वाचायचं सोडून मी दुसरं कधी वाचायला लागले, ते त्या ट्रंकेत थरांनी दिसत होतं.

१९८६ च्या जूनमध्ये मी सातवीत होते. कन्नड सक्तीविरुद्ध आंदोलन पेटलं होतं, गोळीबारात माणसं गेली होती. आम्हा मुलांना उंबऱ्याबाहेर सोडत नव्हते. दादाने कुणाकडून तरी एक जुना दिवाळी अंक आणला. त्यातल्या एका कथेत दुसऱ्या ग्रहावरून आलेले लोक आपल्याशी गणितात बोलायचे, कारण गणित सगळ्यांना सारखंच. खिडकी बंद, पंखा बंद, आणि मी ती कथा तीनदा वाचली. मोठी होईपर्यंत आपला प्रश्नही असाच कुणीतरी सोडवून टाकेल, याची मला खात्री होती.

२००४ मध्ये बेळगावसह मराठी सीमाभाग परत मिळावा म्हणून महाराष्ट्र सुप्रीम कोर्टात गेला आणि मी कात्रणं ठेवायला लागले. विज्ञानकथा पोरकट वाटू लागल्या. घराच्या कन्नड उताऱ्यावरचं वडिलांचं नाव दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागतं, तिथे चंद्रावरच्या घरांच्या गोष्टी कशाला, असं वाटायचं. पंधरा-सोळा वर्षं एकही वाचली नाही.

आता पुन्हा रोज रात्री एक वाचते. पण पूर्वी मी यानात बसून जायचे. आता यान गेल्यावर मागे जमिनीवर कोण राहिलं, ते शोधत बसते. तुमची आवड कधी बदलली? त्यात राजकारणाचा वाटा किती? सवडीने आणि मोकळेपणाने सांगा.

खानापूर तालुका, निवृत्त विज्ञान शिक्षक

ताई, माझं उलट झालं. मी विज्ञान शिकवायचो, पण विज्ञानकथा फक्त वर्गापुरती. नववीच्या मुलांना दरवर्षी सांगायचो, की १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला नारळीकरांनी पहिली कथा टोपणनावाने पाठवली, आद्याक्षरं उलटी करून. परीक्षकांनी नाव बघू नये, कथा बघावी म्हणून. आणि तीच कथा पहिली आली. गुणावर निकाल लागतो, हे मुलांना सांगताना फार बरं वाटायचं.

मग एक वर्ष असं आलं, की हे सांगताना आवाज अडला. त्याच आठवड्यात आमच्या गावच्या मराठी शाळेतले दोन वर्ग एकत्र केले होते. मुलं कमी म्हणून. मुलं कमी, कारण पालकांना मराठीत शिकवून पुढे काय, याचं उत्तर कुणी दिलं नव्हतं. बेळगावला कर्नाटक विधिमंडळाची अधिवेशनं होतात, मुंबईला ठराव होतात. दोन्हीकडची भाषणं मी ऐकली आहेत आणि दोन्हीकडून आमच्या शाळेत नवा शिक्षक आलेला बघितला नाही.

एक हिशेब करून बघितला. व्याधाचा तारा आपल्यापासून सुमारे ८.६ प्रकाशवर्षं दूर आहे. २००४ मध्ये दावा दाखल झाला त्याच दिवशी व्याधाकडे रेडिओ संदेश सोडला असता, तर तो २०१२ च्या अखेरीस तिथे पोचला असता. इथे त्याच वर्षी सुवर्ण विधानसौधाचं, म्हणजे कर्नाटक विधिमंडळाच्या बेळगावातल्या इमारतीचं, उद्घाटन झालं. तिथून लगेच कुणी उत्तर दिलं असतं, तर २०२१ मध्ये ते आपल्या हातात पडलं असतं. हा हिशेब फळ्यावर मांडला तेव्हा वर्गात कुणी हसलं नाही. एका मुलीने विचारलं, "सर, मग दुसरा संदेश कधी पाठवायचा?"

निवृत्तीनंतर मी विज्ञानकथा मनापासून वाचायला लागलो, ते त्या मुलीमुळे. प्रकाशाचा वेग ठरलेला असतो, किती वाट बघायची ते आधी कळतं. मला त्याचा आधार वाटतो.

बेळगाव शहर

मला विज्ञानकथा आवडत नाहीत, कधी आवडल्या नाहीत. १ नोव्हेंबरची, १९५६ साली बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेल्याच्या निषेधाची, काळ्या दिनाची फेरी मात्र कळत्या वयापासून चुकवलेली नाही. पूर्वी कादंबऱ्या वाचायचो. २०१८ आणि २०२३, दोन्ही निवडणुकांत आमच्या बाजूचा, महाराष्ट्र एकीकरण समितीचा, एकही आमदार निवडून आला नाही. त्याला बाहेरच्यांपेक्षा आमच्यातली भांडणं जास्त कारणीभूत होती. तेव्हापासून पुस्तक उघडलं की लक्ष लागत नाही. बस, एवढंच.

वडगाव, विणकर

सर, तुमचा हिशेब मी नातवाला वाचून दाखवलो. सातवीपर्यंतच शिकलोय, पण पुस्तकं लई वाचलो की ओ. मागावर काम आणि रात्री वाचनालयातलं पुस्तक. यंत्रमानवाच्या गोष्टी तर अधाशासारख्या. यंत्र माणसाचं काम करतंय, माणूस आरामात बसतोय, हे वाचून लई मजा वाटायची.

आमच्या वडलांचा हातमाग होता. माझ्या हातात यंत्रमाग आला. आता गुजरातची साडी इथल्या दुकानात आमच्यापेक्षा स्वस्त पडतीया आणि गल्लीतले निम्मे माग बंद हाईत. माणूस बसलाय खरा, पण आरामात न्हवं. म्हणून त्या गोष्टी आता मला वाचवत नाहीत. लिहिणाऱ्यानं यंत्र बरोबर ओळखलं होतं, पण यंत्राचा मालक कोण, ते सांगितलं नाही, असं वाटतंय.

आणि राजकारणाचं म्हणाल तर आमच्या गल्लीत मराठी विणकर हाय तसा कन्नड विणकर पण हाय. सुताचा भाव दोघांना एकच. भाषेच्या मोर्चात मी गेलोय, परत बोलावलं तर परत जाईन, ते माझ्या आईच्या भाषेचं काम हाय. पण सुताच्या भावासाठी दोघांना मिळून कुणी बोलावलं नाही. हे मनाला लागतंय.

निपाणी, सध्या बेंगळुरू

काका, तुमचं वाचून लिहावंसं वाटलं.

माझे बाबा सीमावादावरचा महाजन आयोग पाठ म्हणतात. १९६७ च्या अहवालात निपाणी महाराष्ट्राला द्यावी असं म्हटलं होतं, हे मला पाढ्यांच्या आधी माहीत होतं. घरात कन्नड पुस्तक कधी आलं नाही. मी नोकरीसाठी बेंगळुरूला आले, कन्नड नीट शिकले आणि तिथेच एका मैत्रिणीने राजशेखर भूसनूरमठ यांच्या विज्ञानकथा हातात ठेवल्या. मी तोवर फक्त इंग्रजी विज्ञानकथा वाचत होते. त्या आवडायच्या, पण त्यातलं जग माझं नव्हतं. या कथा वाचताना आमच्या घरामागच्या तंबाखूच्या शेतावरचं आभाळ आठवलं. आवड बदलली ती अशी, भाषा बदलून. आणि त्याचं अपराधीपण कितीतरी दिवस वाटलं.

डिसेंबर २०२२ मध्ये सीमेवर ताण होता. कोगनोळी नाक्यावर बंदोबस्त, एसटी बंद, आणि मी सुट्टीवर घरी अडकलेली. बाबा दिवसभर बातम्या लावून बसायचे. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच टीव्ही बंद केला आणि विचारलं, "ते पुस्तक कसलं आहे?"

मी वाचत गेले, मराठीत सांगत गेले. मध्येच ते थांबवायचे. ग्रहाची वाट म्हणजे कन्नडमध्ये कक्षे, आपली कक्षा. गुरुत्वाकर्षणे, आपलं गुरुत्वाकर्षण. उल्के, उल्का. बाबांनी जुन्या डायरीच्या पानावर दोन रकाने पाडून हे लिहायला घेतलं. अंतराळाला कन्नडमध्ये बाह्याकाश म्हणतात. तिथे ते बराच वेळ अडले, दोन्ही शब्द पुन्हा पुन्हा म्हणून बघितले.

"आपला शब्द बरा," म्हणाले. "हं, पुढे वाच."